हलत्या चेहऱ्याचं कपाळ

वैनी, तुमच्या तेरवीच्या सकाळी घरात मोठा पेच पडला. तुमच्या फोटोला कुंकू लावायचं कुठं?

आमची काकू करंडा घेऊन फोटोसमोर उभी होती. बोट कुंकवात बुडवलेलं, हात उचललेला, आणि तो तसाच अधांतरी. सवाष्ण गेलेल्या बाईच्या फोटोला कुंकू लागतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण ते लागतं कपाळावर, आणि या फोटोत तुमचं कपाळ एका जागी नव्हतंच. चौकटीच्या डाव्या अंगाला ते सुरू होत होतं आणि पार उजवीकडं, कानाशी जाऊन संपत होतं. मधे नुसता उजेडाचा पट्टा.

"अवो माय," काकू म्हणाली, "इचं कपाळ कोनतं समजू म्या?"

मागच्या बायांत कुणाला तरी हसू फुटलं आणि पदरात दाबलं गेलं. दादा हसला नाही. तो माझ्याकडं पाहत होता, आणि काय म्हणून पाहत होता ते मला कळत होतं. तुले एवढं सांगितलं होतं, सुध्या.

हो, सांगितलं होतं आणि मी केलं नव्हतं. का केलं नाही, ते तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसलोय. मी बोलणारा माणूस नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? एका छपराखाली इतकी वर्षं काढली, तर तुमच्याशी माझं बोलणं म्हणजे 'प्रिंटा वाळल्या का' आणि 'चहा नको'. बाकी फक्त भांडणं. आपली भांडणं मात्र सगळ्या डेपो रोडला ऐकू जायची.

आपला आर्वीतला स्टुडिओ तुम्हाला काय सांगायचा. पण हे जे कुणी वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. पुढं काउंटर, मधे फोटो काढायची खोली, तिला लागून डार्करूम, आणि मागं आपलं घर. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, फोटो काढायचा. मी, त्याचा धाकटा भाऊ, रिटच करायचो. आता रंगीत फोटोच्या दिवसांत ते काम काय होतं हेही सांगावं लागतं. दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड घ्यायचा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं माणसाच्या चेहऱ्यावरचं आयुष्य भरून काढायचं. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्याखालची काळी वर्तुळं. पेन्सिल फिरली तेवढी जागा फोटोत उजळ येते. उलट काही गडद करायचं असेल, भुवई, बुबुळ, तर बारीक सुरीनं निगेटिव्हचा थर खरवडावा लागतो. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येते. सुरी चुकली तर पुसता येत नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण मी जे केलं ते सुरीनं केलं.

'हलू नका' हा आपल्या दुकानाचा मंत्र होता. व्होल्टेज असं, की पाचशेचा दिवा शंभरासारखा जळायचा. लेन्सची टोपी काढून मनातल्या मनात आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायची. तेवढ्यात गिऱ्हाईक हललं की निगेटिव्ह वाया. दादा म्हणायचा, "फोटोत माणूस देवासारखा बसला पाह्यजे." आणि देव काही हलत नाही.

मग दादाला कावीळ झाली. लग्नसराई तोंडावर, आणि हा उसाचा रस पीत घरात पडलेला. तुम्ही पदर खोचलात आणि सरळ कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलंत. मी म्हटलं, तुम्हाला जमेल का? तुम्ही आतूनच म्हणालात, "भाऊजी, इतके वर्सं चहा घेऊन याच दारात उभी राह्यते. का डोये मिटून उभी राह्यते का?"

गंगूबाई आठवते ना? आठवतेच तुम्हाला, मी कोण सांगणार. बाजारात वाळल्या मिरच्या विकणारी. बहिणीला पाठवायला तिला फोटो हवा होता, आणि कॅमेऱ्यासमोर बसलं की तिला हसू यायचं. दोन निगेटिव्हा वाया गेल्या. तिसऱ्या वेळी दिवा फारच मंद होता, म्हणून तुम्ही दादानं लग्नसराईसाठी आणलेला नवा फ्लॅश हातात घेतला होता. टोपी काढलीत, आणि गंगूबाई पुन्हा हसत सुटली. मान खाली, पदर तोंडाकडं. कुणीही टोपी लावून टाकली असती. तुम्ही लावली नाहीत. तिचं हसू पार पोटापर्यंत पोचू दिलंत, आणि तेव्हा कुठं फ्लॅशचं बटण दाबलंत.

डार्करूममधून बाहेर आलो तेव्हा मीच ओरडलो, "वैनी, हालला. फेका." निगेटिव्हवर चेहरा नव्हता. वरून खाली उतरलेला एक धूसर झोत होता आणि त्याच्या तळाशी लख्ख, दगडात कोरल्यासारखी दातांची ओळ आणि तोंडावर येणारी तीन बोटं. तुम्ही ती निगेटिव्ह खिडकीशी धरून किती तरी वेळ पाहत राहिलात. "फोटो नाई हालला, भाऊजी. बाई हासली."

गंगूबाईनं फोटो हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला. मला वाटलं, आता ही भांडणार. ती म्हणाली, "हे मीच होय. माहा बुढा म्हनते, तू हासली का घर हालते. पाय म्हना आता." आणि तोच फोटो घेऊन गेली. मी काउंटरवर होतो. मी तिला आणखी एक चांगला काढून देऊ, असं म्हटल्यावर तिनं माझ्याकडं जे पाहिलं, ते मी विसरलो नाही.

दादा उठून कामाला लागला तरी दुपार तुमची झाली. जेवणं आटोपली, दादा लवंडला, की तुम्ही मधल्या खोलीला काळा पडदा लावायचात आणि गल्लीतल्या बाया मागच्या दारानं यायच्या. कुणी सूप घेऊन, कुणी नुसतीच वेणी सोडून. ज्या दुकानात जन्मभर 'हलू नका' ऐकलं, तिथं तुम्ही टोपी काढून म्हणायचात, "हं, आता हाला." पहिल्यांदा बाया लाजायच्या. मग लाजणंही फोटोत यायला लागलं.

तुम्ही काय काय केलंत! फ्लॅश आधी दाबून पाहिलात, तर बाईचा धूसरपणा तिच्या पुढं धावायला लागला, जणू तिला कुणी मागून ढकलतंय. शेवटी दाबलात, तर तो तिच्या मागून आला, पदरासारखा. "हे बरं," तुम्ही म्हणालात, "बाईच्या मांगून तिचं चालनं आलं पाह्यजे, पुढून नाई." फ्लॅशचा उजेड फार कडक पडतो म्हणून त्याच्या तोंडावर दादाच्या जुन्या धोतराच्या चार घड्या बांधल्यात. एकदा बाईला बसवलंत स्थिर आणि टोपी काढून कॅमेऱ्याचा अख्खा स्टँडच ढकललात. चाकं कुरकुरली, दादा जागा झाला, "काय पाडलं बे सुध्या?" शिव्या मी खाल्ल्या.

आणि नुसतं धूसर ते सगळं चांगलं, असं तुमचं कधीच नव्हतं. ही गोष्ट मला लोकांना ओरडून सांगावीशी वाटायची. दहातल्या आठ प्रिंटा तुम्ही स्वतः फाडायचात. "हा नुसता हालला. यात बाई नाई." कुठं फ्लॅश पडला पाहिजे, हातावर की ओठावर, कानातल्या बुगडीवर की सुपाच्या कडेवर, आणि काय वाहून जाऊ द्यायचं, हे तुम्ही बाई बसायच्या आधी ठरवायचात. ती काय करते, कशी बोलते ते आधी पाहून. मी पेन्सिलीला टोक करत ऐकायचो. तुम्हाला वाटायचं, मी मुद्दाम पाठ करून बसलोय. पाठ करूनच बसायचो. पण माझ्या मेजावरच्या आरशात तुमची सगळी खोली उलटी दिसायची.

तोंडानं मात्र टोमणे. "वैनी, ही बाई नाही, चुलीचा धूर आहे." तुम्ही म्हणायचात, "मंग चूल त पेटली म्हना." मी म्हणायचो, फोटो कशासाठी असतो? माणूस जातं, म्हणून. मागं राहिलेल्यांना चेहरा पाहता यावा, म्हणून तो थांबवायचा. तुम्ही प्रिंट पाण्यात हलवत, माझ्याकडं न पाहता बोललात, "मेल्यावर थांबाचंच हाय, भाऊजी. फोटोत कायले आंधीच थांबवता?"

वाद तिथंच राहिला. रोज नव्यानं काढला तरी तिथंच येऊन थांबायचा.

मग वर्ध्याचं प्रदर्शन. एका कॉलेजच्या हॉलात जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांचे फोटो लावणार होते. दादानंच तुमचे तीन फोटो नेऊन दिले. त्याला ते कळत नव्हते, पण त्याची बायको आहे आणि तिनं काढलेत, एवढं त्याला पुरेसं होतं. ती हिंमत माझ्यात नव्हती. गंगूबाईचं हसू, सूप पाखडणारी शेजारीण, आणि तिसरा तुमच्या आईचा. सिंदीच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काढलेला. त्या मोसमात तुम्ही माहेरी गेलात, तेव्हा लग्नाला न्यायचा लहान कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन गेला होतात. आई कापसाचं टोपलं डोक्यावर घेऊन वळताना. जिनिंगच्या हवेत कापसाचा भुगा सारखा तरंगत असतो, त्यातला कण न् कण फ्लॅशनं जागच्या जागी खिळवला होता आणि त्या थांबलेल्या कापसातून आई एकटी चालत होती. चेहऱ्याच्या जागी उबदार उजेड. खाली टोपल्याला धरलेल्या हाताच्या शिरा मात्र मोजून घ्याव्यात अशा.

हॉलात लोक तुमच्या फोटोंपुढं थांबायचे, मान वाकडी करायचे आणि पुढं जायचे. एक पँटवाले गृहस्थ म्हणाले, प्रिंट खराब झाली वाटतं. मी म्हटलं, चहा पिऊन येतो, आणि बाहेर पडलो. तुम्हाला आजवर असंच माहीत होतं, की मी चहा पीत बसलो.

मी चहा प्यायलो नाही, वैनी. दाराच्या फळीमागं उभा होतो. म्हणून मी पाहिलं. आर्वीच्या एसटीतून गल्लीतल्या बाया उतरल्या आणि चपला हातात घेऊन हॉलात शिरल्या. गंगूबाई पुढं. त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली आणि एकच गलका केला. "अवो, हे पाय, सूपवाली शांती! पाखडताना खांदा असाच उडवते!" "इचा चेहरा कुठं हाय पन?" "चेहरा कायले पाह्यजे? चाल पाय ना इची!" तुमच्या आईला त्यांतल्या एकीनंही कधी पाहिलं नव्हतं. तरी एक म्हणाली, "हे विमलची माय. विमल टोपलं असंच धरते." पँटवाले परत आले. त्यांनी पुन्हा पाहिलं. त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही. बक्षीस तर दुसऱ्यालाच मिळालं, किल्ल्याच्या फोटोला. पण ज्यांचे फोटो होते, त्यांनी आपल्याला ओळखलं होतं, आणि चेहऱ्याशिवाय ओळखलं होतं. ही माझी वैनी, असं कुणाला तरी धरून सांगावंसं वाटलं. कुणाला सांगितलं नाही. बसमध्ये तुम्ही विचारलंत, "कसं वाटलं, भाऊजी?" मी म्हटलं, "गर्दी बरी होती."

तेवढंच म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं.

दोन वर्षांनी तुमची आई गेली. तुमचे भाऊ सिंदीहून आले. आईचा एकही फोटो घरात नाही, भिंतीला लावायला काहीतरी पाहिजे म्हणाले. तुम्ही माहेरी होतात. दादानं मला विचारलं, ती जिनिंगमधली निगेटिव्ह आहे ना, तिच्यातून चेहरा निघेल का? मी म्हटलं, निघेल.

हे मी दयेनं केलं, असं सगळ्यांना सांगत आलो. तुमच्या भावांचे रडवेले चेहरे पाहून. आता खरं सांगतो. माझ्या हाताला जमत नाही असा चेहरा आर्वीत नव्हता, आणि तुमच्या त्या तिन्ही फोटोंत माझ्या हाताला करायला काहीच नव्हतं. ते मला सलत होतं. मी काच खालून उजळली, निगेटिव्ह ठेवली, आणि त्या उजेडात सुरीनं भुवया कोरल्या, बुबुळं कोरली. पेन्सिलीनं गाल भरले. कापसाचे कण आड येत होते, ते खरवडून टाकले. दिवसभर लागून काम केलं. कसबाचं काम होतं, हेही खरं.

सिंदीत सगळे म्हणाले, हुबेहूब आई. आजही त्या भिंतीवर तोच फोटो आहे आणि तुमचे भाऊ त्याला हात जोडून कामावर जातात. फोटो लावायला मीच सिंदीला गेलो होतो; तुम्ही आतून आलात, फोटोपुढं उभ्या राहिलात. मग माझ्याकडं वळून शांतपणे विचारलंत, "भाऊजी, हे कोन बाई होय?"

मी म्हटलं, तुमची आई.

"हिचे डोये त आपल्या दुकानातल्या समद्या नवऱ्यामुलींचे हायेत."

खरंच होतं. मला एकाच तऱ्हेचे डोळे येत होते.

तुम्ही ओरडला नाहीत, दादाला सांगितलं नाहीत, जेवायला वाढताना माझ्या ताटात कधी भाजी कमी पडली नाही. फक्त त्या दिवसापासून तुमची एकही निगेटिव्ह माझ्या मेजावर आली नाही. धुळीचे ठिपकेसुद्धा तुम्ही स्वतः भरायला लागलात, चुकतमाकत. ते पाहताना माझा हात शिवशिवायचा. 'आणा इकडे' म्हणण्याआधी 'चुकलो' म्हणावं लागलं असतं. तेवढा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

आणि आता तुम्ही गेल्यावर दादानं तुमचा तो पत्र्याचा डबा आणून माझ्या मेजावर ठेवला. त्यातून एक निगेटिव्ह काढली. "सुध्या, हिचे डोये बसवून दे. तेरवीले फोटो लागन."

त्याची चूक नव्हती. फोटोवाल्याचं घर, आणि घरात तुमचा एक धड फोटो नाही. लग्नातला आहे, त्यात मुंडावळ्यांतून निम्मं नाक दिसतं. एक मास्तरीण व्हायच्या फॉर्मसाठी काढलेला आहे, दोन वेण्यांचा. तो दादाला नको होता. "थे सिंदीची पोट्टी होय. माह्या घरची नोय." तुम्हाला मूल नव्हतं, म्हणजे बारशात-मुंजीतही कुणी तुम्हाला कॅमेऱ्यापुढं उभं केलं नाही. दादानं धरून बसवलंच, तर तुम्ही ऐन वेळी जीभ काढायचात. तो म्हातारा होत चाललेला माणूस हात जोडल्यासारखा माझ्यापुढं उभा होता, "मले तिचं तोंड पाह्याचं हाय रे."

मी सुरी पुसली. टोक केलं. निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि ओळखली. ती दुपार मलाच तर माहीत होती.

त्या दिवशी तुम्ही मागच्या दारानं बायांना बोलावलं नव्हतं. काठाचं लुगडं नेसून आलात आणि म्हणालात, "भाऊजी, टोपी तुमी काढा. फ्लॅश म्या दाबते. आज सरळ बसतेच एकदाची. ह्यांची हौस होऊन जाऊ द्या." आणि खरंच बसलात. पाठ ताठ, हनुवटी वर, डोळे लेन्सवर. मला तुम्ही अनोळखी वाटलात. मी टोपी काढली. आकडे मोजायला लागलो. आणि बाहेर काउंटरवरून दादानं हाक मारली, "विमल!" तुम्ही वळलात. वळता वळता बोट बटणावर पडलं.

प्रिंट निघाली तेव्हा तुम्ही पाहिली आणि हसत सुटलात. मी विचारलं, पुन्हा काढायचा? नको म्हणालात. दादाला दाखवू? तर तुम्ही जे म्हणालात, ते मी या तेरवीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सुरी खाली ठेवली. मला तुमचे डोळे ठाऊक होते. या वेळी मी नवऱ्यामुलींचे बसवले नसते, तुमचेच बसवले असते, आणि सगळ्यांनी हुबेहूब म्हटलं असतं. म्हणूनच ठेवली. निगेटिव्हवर खाली कोपऱ्यात धुळीचा एक कण होता, तेवढा पेन्सिलीनं भरला. मोठी प्रिंट काढली. चौकटीत घातली. तेरवीच्या सकाळी भिंतीला लावली आणि नेहमीसारखा दाराशी जाऊन उभा राहिलो.

तर काकूचा हात हवेत, आणि दादा माझ्याकडं पाहतोय.

"तुले जमलं नाई का?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. "का केलंच नाई?"

"केलं नाई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "दादा, वैनी त्या दिवशी सरळ बसल्या होत्या. तुह्यासाठीच. तू म्हनत होता ना, घरात एक साफ फोटो पाह्यजे म्हनून. टोपी म्या काढली होती. अन् तू बाहेरून हाक मारली."

"म्या? कोनती हाक?"

"'विमल' म्हनून. दुसरी कोनती? त्या वळल्या, अन् फ्लॅश पडला. तुह्याकडंच वळून राह्यल्या त्यात."

दादा उठून फोटोजवळ गेला. अगदी नाक लावून पाहावं इतका जवळ. "मंग मले सांगितलं काऊन नाई तिनं?"

"सांगू देत नव्हत्या. म्हनल्या, सांगू नका, भाऊजी. नाई त हाक माराचं बंद करतीन."

दादानं काकूच्या हातातून करंडा घेतला. बोट बुडवलं. फोटोच्या डाव्या अंगाला, जिथं तुमचं कपाळ सुरू होतं, तिथं टेकवलं, आणि काचेवरून हळूहळू नेत, त्या उजेडाच्या वळणावरून, पार उजव्या कानाच्या बुगडीपर्यंत आणलं. टिळा नव्हता तो, रेघ होती. लाल, लांब, शेवटाकडं फिकी होत गेलेली. तुमच्या फोटोत जसं सगळं फिकं होत जायचं, अगदी तशी.

गंगूबाई मागं बसली होती. ती म्हणाली, "आता दिसली."

डब्यात मला आणखी एक गोष्ट सापडली, वैनी. वर्ध्याला लावली होती ती आईची प्रिंट. माझ्या सुरीच्या आधीची. कापसाचा कण न् कण शाबूत. मी तिची चौकट केली आहे आणि सोमवारच्या गाडीनं सिंदीला घेऊन जाणार आहे. तुमचे भाऊ म्हणतील, हे काय आणलं? मी सांगेन, ही तुमची आई, आणि भिंतीवर जी आहे ती माझ्या हातची बाई. दोन्ही लावायच्या की एकच, ते त्यांनी ठरवावं. पण ही कुणी काढली ते मी आधी सांगणार आहे, आणि दाराबाहेर चहाला जाणार नाही.

चुकलो, वैनी. आणि वर्ध्याला गर्दी बरी नव्हती. फोटो बरे होते. तसे फोटो मी अजून दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

तुमचा फोटो आता घर आणि स्टुडिओच्या मधल्या दारावर लावलाय. काल दुपारी एक गिऱ्हाईक आलं, दादा काउंटरवर होता, त्यानं मान न उचलता सवयीनं हाक मारली, "विमल!" मग त्याच्या लक्षात आलं. मी मेजावरून वर पाहिलं. दारावर तुम्ही वळतच होता.